सीबीसीच्या कागदावरून इम्युनोथेरपी नाकारण्याआधी

मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद,
नवी दिल्ली



मी मिरजेत पॅथॉलॉजीची लॅब चालवते. सांगली-मिरज हा दवाखान्यांचा पट्टा. कोल्हापूर, सोलापूरपासून पलीकडे बेळगाव-विजापूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात आणि त्यांत कॅन्सरचे पुष्कळ असतात. त्यामुळे माझ्या दिवसाचा मोठा भाग सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या गणतीत, जातो. केमोच्या आधी सीबीसी, केमोनंतर सीबीसी, काउंट पडले म्हणून परत सीबीसी. हल्ली रिपोर्ट न्यायला आलेला मुलगा किंवा जावई कागद उलटसुलट करून एक वेगळाच प्रश्न विचारतो. "मॅडम, ते लाखाचं इंजेक्शन बाबांना लागू पडेल की नाही, ते यावरून कळतं म्हणे?" त्याने ते मोबाइलवर कुठेतरी वाचलेले असते. अडचण अशी की त्याने वाचलेले सगळेच खोटे नसते.

आपण परिषदेचे महासंचालक आहात आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही. संशोधनाला पैसा देणे, देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही सांभाळणे आणि एखादी चाचणी किंवा औषध सरकारी पैशाने घ्यावे का याचा हिशेब मांडणे, या तिन्ही कामांच्या फायली आपल्याच टेबलावर येतात. म्हणून हे पत्र आपल्याला. मराठीत लिहिते आहे, कारण वर सांगितलेल्या त्या जावयालाही ते वाचता आले पाहिजे. दिल्लीत मराठी वाचणारे कोणी ना कोणी भेटेलच.

ज्या इम्युनोथेरपीच्या औषधांची ही गोष्ट आहे ती फार जुनी नाहीत. इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅबला २०१४ मध्ये. ज्यांच्या संशोधनातून ती निघाली त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ही औषधे गाठीला थेट मारत नाहीत. आपल्या टी पेशींना आवरून धरणारे सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे रेणू ती अडवतात, आणि मोकळ्या झालेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात. ज्याला ती लागू पडतात त्याचे आयुष्य काही वेळा वर्षांनी वाढते. केमोने असे क्वचित होते. पण लागू पडतात थोड्यांना. अमेरिकेतल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये तिथल्या कॅन्सररुग्णांपैकी सुमारे ४४ टक्के या औषधांना पात्र होते, आणि प्रतिसाद मिळण्याची अपेक्षा होती सुमारे १२ टक्क्यांना. उरलेल्यांच्या वाट्याला खर्च येतो, वाया गेलेले महिने येतात, आणि कधीकधी थायरॉइड बंद पडणे, आतड्याला किंवा फुप्फुसाला सूज, क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज. कोणाला द्यायचे हे आधी कळले तर रुग्णाचा जीव आणि शेतजमीन दोन्ही वाचतील, एवढे सरळ आहे.

आजवर हा अंदाज गाठीच्या तुकड्यावरून घेतला जातो. पीडी-१ ला जोडणाऱ्या पीडी-एल१ या रेणूचे स्टेनिंग करायचे आणि किती टक्के पेशी रंगल्या ते मोजायचे. हे काम मी रोज करणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. एका कंपनीची अँटिबॉडी वापरली तर एक टक्का येतो, दुसरीची वापरली तर दुसरा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ५० टक्क्यांची रेषा, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये वेगळाच स्कोअर. शिवाय ब्लॉक हवा. तो पहिल्या हॉस्पिटलमध्ये राहिलेला असतो, किंवा तुकडा इतका बारीक की दोन काप घेतल्यावर संपतो. गाठीतल्या जनुकीय बदलांची संख्या मोजणारी टीएमबी चाचणी आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेने तिच्या आधारावर पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यताही दिली. ज्या अभ्यासावर ती मान्यता उभी आहे त्यात टीएमबी जास्त असलेल्यांपैकी २९ टक्क्यांना औषध लागू पडले आणि कमी असलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. फरक मोठा आहे खरा, पण जास्त असलेल्यांतही दहापैकी सात जण हात हलवत परत गेले, हे त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

मग रक्ताकडे वळणे ओघाने आलेच. रक्त पुन्हा पुन्हा काढता येते, सुई लहान असते, आणि मरणाऱ्या गाठीच्या पेशींचा डीएनए रक्तात उतरतो. तो वेगळा काढून त्यातले बदल मोजावेत, ही कल्पना २०१८ मध्ये मोठ्या थाटात आली. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पोपलर आणि ओक या दोन चाचण्यांतले साठवलेले रक्त तपासून संशोधकांनी दाखवले की रक्तातला टीएमबी १६ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना ॲटेझोलिझुमॅब या याच वर्गातल्या औषधाचा फायदा जास्त झाला. सगळ्यांना वाटले, सापडले. पुढे रक्तातल्या टीएमबीवरून रुग्ण निवडून बीफास्ट नावाची चाचणी झाली आणि तिचा मुख्य निकाल याच १६ च्या रेषेवर पाहिला. एका गटाला औषध, दुसऱ्याला केमो. आजार थोपवून धरण्याच्या काळात जो फरक अपेक्षित होता तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर अगदी थोडक्यात हुकला. दुसऱ्या कंपनीने नेपच्यून या चाचणीत २० ची रेषा धरून दोन औषधे एकत्र दिली. तिथेही आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही.

मागे वळून पाहिलेल्या नोंदींत उजळ दिसलेली रेषा पुढे जाऊन पारखल्यावर फिकी पडली, असे हे दोनदा झाले. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नव्या बायोमार्करच्या माहितीपत्रकाकडे मी या दोन चाचण्या आठवूनच पाहते.

आता ताजी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग आणि माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी स्कॉर्पिओ नावाचे एक मशीन लर्निंगचे मॉडेल प्रसिद्ध केले. त्यात ना गाठीचा तुकडा, ना डीएनए. औषध सुरू करण्याआधीचा सीबीसी, लिव्हर-किडनीचे नेहमीचे पॅनेल आणि वयासारखी थोडी साधी माहिती. २१ प्रकारच्या कॅन्सरचे ९,७४५ रुग्ण, त्यांत दहा जागतिक फेज-३ चाचण्यांतले ४,४४७. कोण किती जगेल हे ओळखण्यात या मॉडेलने जवळपास ०.७६ गुण मिळवले. या मोजपट्टीवर ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा आणि १ म्हणजे अचूक. त्याच रुग्णांत टीएमबीला मिळाले ०.५० ते ०.५४. हजारो डॉलरची चाचणी नाणेफेकीच्या आसपास आणि काही शे रुपयांच्या नेहमीच्या रक्ततपासण्या तिच्या कितीतरी पुढे, ही बातमी वाचून माझ्यासारखीला आनंद व्हावा यात नवल नाही. आमच्या कामाला असा मान कधी मिळतो?

पण त्याच शोधनिबंधात दुसरा आकडा आहे आणि तो बातम्यांत फारसा आला नाही. गाठ आकसली का, निदान बराच काळ स्थिर राहिली का, म्हणजे औषधाचा उपयोग झाला का, हा प्रश्न विचारला तेव्हा मॉडेलचे गुण ०.७१ वर आले, आणि दुसऱ्या गटात ०.६४ वर. टीएमबीपेक्षा तेही चांगलेच. तरीही कोण जगेल हे ओळखणे त्याला जास्त जमते आणि औषध कोणाला लागू पडेल हे ओळखणे कमी, हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसते.

माझे सारे म्हणणे या फटीत आहे, म्हणून थोडे सविस्तर.

सीबीसीतून काढता येणारा सगळ्यांत सोपा आकडा म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर. समजा, एकूण पांढऱ्या पेशी ११,०००, त्यांत न्यूट्रोफिल ७७ टक्के, लिम्फोसाइट ११ टक्के. भागाकार केला की ७. तीनच्या आत असेल तर बरे, पाचच्या वर गेले तर वाईट, असे ढोबळ मानतात. रेषा मात्र प्रत्येक अभ्यासात वेगळी. यामागे शरीरशास्त्र आहे. काही गाठी असे पदार्थ सोडतात की बोन मॅरो न्यूट्रोफिल बनवतच राहतो, आणि हे न्यूट्रोफिल टी पेशींच्या कामात अडथळा आणतात. त्याच टी पेशी लिम्फोसाइटच्या गणतीत येतात आणि औषधाची सारी भिस्त त्यांच्यावर. म्हणून हा आकडा औषधाशी जोडला जाणे तर्काला धरूनच आहे. पण हेच गुणोत्तर वाढलेल्या रुग्णांचे केमोनेही वाईट होते, ऑपरेशननेही वाईट होते, काही न करताही वाईट होते. म्हणजे तो आकडा बहुधा आजाराचा आणि शरीराचा हाल सांगतो आहे. औषधाबद्दल वेगळे काही सांगतो की नाही हे ओळखायचे तर एकाच प्रकारच्या रुग्णांना दोन गटांत टाकून, एकाला औषध आणि दुसऱ्याला दुसरे काही देऊन, दोन्हीकडे आकडा पाहावा लागतो. वाढलेल्या आकड्याचा रुग्ण दोन्ही गटांत सारखाच लवकर गेला, तर तो आकडा औषध देऊ नका असे म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की हा माणूस फार आजारी आहे.

आता हा आकडा आमच्याकडे कसा तयार होतो ते जवळून पाहा.

तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेला एक शेतमजूर समोर आहे असे समजा. गालाच्या आत जखम, तिला दुर्गंधी, वर जंतुसंसर्ग. नुसत्या संसर्गाने न्यूट्रोफिल वाढतात. तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही, म्हणून गेले कित्येक आठवडे पेज आणि चहा. अल्ब्युमिन २.८ इतके खाली. सूज कमी व्हावी म्हणून कोणीतरी डेक्सामेथासोन लिहून दिलेले. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल आणखी वर जातात आणि लिम्फोसाइट खाली येतात. मागच्या वर्षी टीबीची औषधे झालेली. सॅम्पल तालुक्याच्या गावात काढले, बारीक सुईने, घाईत, आणि उन्हातून मोटारसायकलवर आमच्याकडे आले. वाटेत थोडे हिमोलायझ झाले, लाल पेशी फुटल्या, आणि त्यांच्यातला एलडीएच बाहेर सांडून तो आकडा खोटा वाढला. सीबीसी मात्र तालुक्याच्याच लॅबमध्ये झाला, आणि तिथले यंत्र थ्री-पार्ट. ते न्यूट्रोफिल वेगळे मोजतच नाही. सगळ्या ग्रॅन्युलोसाइट एकत्र मोजते आणि मोनोसाइट, इओसिनोफिल वगैरे एका मधल्या खात्यात टाकते. इओसिनोफिल जास्त असलेल्यांना काही कॅन्सरमध्ये ही औषधे बरी लागू पडतात असे मेलानोमाच्या अभ्यासांत दिसले आहे. आमच्याकडे इओसिनोफिल वाढलेले दिसले की पहिला विचार जंतांचा येतो.

न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या मॉडेलला हे आकडे दिले तर ते काय म्हणेल? न्यूट्रोफिल जास्त, लिम्फोसाइट कमी, अल्ब्युमिन कमी, एलडीएच जास्त: वाईट. आणि ते खोटेही ठरणार नाही, कारण असा माणूस लवकर जातोच. पण त्यातला किती भाग गाठीचा, किती भुकेचा, किती पिकलेल्या जखमेचा, किती स्टेरॉइडचा आणि किती मोटारसायकलचा? यातल्या निम्म्या गोष्टी पंधरा दिवसांत बदलता येतात. राइल्स ट्यूब घातली, जखम साफ केली, अँटिबायोटिक दिले, स्टेरॉइड थांबवले, की तोच सीबीसी वेगळा दिसतो. गाठीतल्या जनुकीय बदलांच्या आकड्याचे असे होत नाही. म्हणूनच रक्ताचे साधे आकडे वापरायला जास्त सावधपणा लागतो. ते स्वस्त आहेत, पण प्रत्येक गोष्टीला हलतात, आणि जे प्रत्येक गोष्टीला हलते ते गरिबीलाही हलते.

हा केवळ शास्त्राचा वाद नाही, यात पैसा आहे. लवकरच तो आणखी होईल. निव्होलुमॅबच्या भारतीय पेटंटची वीस वर्षांची मुदत मे २०२६ पर्यंतची. इतर कंपन्यांची तशीच औषधे, म्हणजे बायोसिमिलर, आली की किंमत उतरते, आणि किंमत उतरली की मागणी वाढते. हे औषध आपण द्यावे का, कोणाला द्यावे, हा प्रश्न मग सरकारी योजनांपुढे येणारच. कारकुनी डोक्याला त्या वेळी सीबीसीसारखा आकडा फार सोयीचा वाटेल. फाइल उघडा, भागाकार करा, पाचच्या वर आहे, नामंजूर. कागद भक्कम, अपील अवघड. ज्यांना भूक, संसर्ग आणि उशीर यांनी आधीच मागे टाकले त्यांना त्याच तीन गोष्टींच्या आकड्यावरून पुन्हा मागे टाकायचे, असे त्यातून होईल, आणि ते शास्त्राच्या नावाने होईल.

यावर माझे उत्तर चाचणी नको असे नाही. चाचणी हवी, पण आपल्या रुग्णांवर पारखलेली. आणि पारखायला लागणारे साहित्य महाराष्ट्रातच आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर एक चाचणी केली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या दोन्ही गटांना. एका गटाला त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब, पण तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दोन आठवड्यांतून २४० मिलिग्रॅम असतो. १५१ रुग्णांत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तोंडाच्या कॅन्सरचा भार वाहणाऱ्या देशाने आपल्या पैशाने काढलेले हे उत्तर आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मान्यताप्राप्त उपचार एक ते तीन टक्के रुग्णांनाच परवडतात, अशी नोंद त्याच निबंधाच्या सुरुवातीला आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या कंपन्या असा अभ्यास कधी करणार नव्हत्या. डोस कमी करण्यात कोणाचा नफा आहे?

मला या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसते, ती पॅथॉलॉजिस्टच्या नजरेने. तिच्यात दोन गट आहेत, एकाला इम्युनोथेरपी आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांतल्या प्रत्येक रुग्णाचा उपचारापूर्वीचा सीबीसी, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट फायलीत असणार, कारण त्याशिवाय कोणी गोळी सुरू करत नाही. म्हणजे वर सांगितलेली फट बुजवायला जे लागते, तोच आजार, दोन गट, उपचारापूर्वीचे रक्त आणि कोण किती जगले याची नोंद, ते सगळे टाटाच्या परळच्या कपाटात आहे. त्यासाठी रुग्णाच्या दंडाला नवी सुई टोचायची नाही.

पण १५१ रुग्ण अशा प्रश्नाला थोडे पडतात. म्हणून आपली गरज आहे. देशात इम्युनोथेरपीच्या ज्या चाचण्या आपल्या नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, आहेत आणि ज्यांत तुलनेचा गट आहे, त्या सगळ्यांच्या प्रमुखांना परिषदेने एक पत्र लिहावे. उपचारापूर्वीचा सीबीसी, एलडीएच, अल्ब्युमिन, सॅम्पल घेतले तेव्हा स्टेरॉइड चालू होते का, ताप होता का, टीबीचे काही होते का, आणि नंतरचा निकाल, गटानुसार. नाव-पत्ता काढून. एकत्र केल्यावर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटच्या गुणोत्तरापासून स्कॉर्पिओपर्यंत जे काही आहे ते त्यावर घासून पाहता येईल. आपल्याच परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. परदेशात शिकलेले मॉडेल इथल्या रुग्णांवर लावण्याआधी इथल्या रुग्णांवर तपासा, हे त्या तत्त्वांशी सुसंगतच आहे. हा अभ्यास त्यांचे एक उदाहरण ठरेल.

चाचण्यांबाहेर जे रुग्ण हे औषध घेत आहेत त्यांच्यासाठी राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड आहे. २०१२ पासूनचे हे जाळे आता ३०० हून अधिक संस्थांचे झाले आहे. त्यांनी औषधांची एकत्र खरेदी करून दाखवली, तर एका पानाचा एकसारखा नोंदफॉर्म का जमू नये? पहिल्या डोसाआधीचे आकडे आणि सहा आठवड्यांनंतरचे. दुसरा सीबीसी मला पहिल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. संसर्ग आवरल्यावर, पोटात अन्न गेल्यावर, औषधाच्या दोन डोसांनंतर गुणोत्तर कोणत्या दिशेने गेले, यात गाठीचा भाग वेगळा पडण्याची आशा जास्त. गावपातळीवर अशी नोंद होत नाही असे कोणी म्हणाले तर त्यांना बार्शीला पाठवा. तिथे परिषदेच्याच मदतीने १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, आणि नोंद करणारी माणसे खेड्याखेड्यांत जाऊन ती करतात.

महागड्या रक्तचाचण्यांबद्दलही बोलले पाहिजे. नाहीतर मी फक्त माझ्या सीबीसीची वकिली करते आहे असे वाटेल. रक्तातल्या गाठीच्या डीएनएचे एक प्रकरण खरोखर सिद्धीला गेले आहे, आणि ते कसे गेले हे पाहण्यासारखे आहे. मूत्राशयाचा कॅन्सर काढून टाकल्यावर रक्तावरून रुग्ण न निवडता ॲटेझोलिझुमॅब देऊन पाहिले तेव्हा ती आयएमव्हिगर०१० चाचणी फसली. पण साठवलेले रक्त पाहिल्यावर दिसले की ज्यांच्या रक्तात गाठीचा डीएनए उरला होता त्यांना फायदा झाला होता. रक्तातल्या टीएमबीचेही साठवलेल्या रक्तात असेच उजळ दिसले होते. संशोधक इथे थांबले नाहीत. पुढच्या आयएमव्हिगर०११ मध्ये ऑपरेशननंतर रक्त पुन्हा पुन्हा तपासले, ज्यांच्यात डीएनए सापडला अशा २५० जणांना औषध किंवा नुसते सलाइन, असे चिठ्ठी टाकून वाटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल आला. आजार परत न येण्याचा मध्यम काळ ४.८ महिन्यांवरून ९.९ वर गेला, आणि आयुष्य २१.१ महिन्यांवरून ३२.८ वर. ज्यांच्या रक्तात डीएनए सापडलाच नाही त्यांना औषध दिले नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांचे ठीक चालले. औषध न देण्याचा निर्णय इतक्या भक्कम पायावर घेता येतो, हे मला या चाचणीतले सगळ्यांत मोलाचे वाटते.

पण तो निकाल मूत्राशयाच्या कॅन्सरचा, ऑपरेशननंतरचा, आणि रुग्णाच्या स्वतःच्या गाठीवरून बेतलेल्या चाचणीचा आहे. त्याचा दाखला देऊन फुप्फुसाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरसाठी वेगळीच लिक्विड बायोप्सी विकणे सोपे आहे. आणि आपल्या हवेत त्या नमुन्याचे काय होते ते मला माहीत आहे. साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले रक्त काही तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा चिमूटभर डीएनए बुडून जातो. यासाठी वेगळ्या, डीएनए टिकवणाऱ्या नळ्या मिळतात, पण त्या वापरल्या का हे रिपोर्टवर लिहिलेले असेलच असे नाही. 'सापडला नाही' असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ गाठ नाही, की नळी चुकीची होती?

म्हणून अशा प्रत्येक रिपोर्टवर दोन ओळी सक्तीच्या कराव्यात, ही माझी मागणी आहे. नमुना कोणत्या नळीत घेतला आणि किती तासांनी प्रक्रिया झाली, ही एक. ही चाचणी आजाराचा जोर सांगते की औषध लागू पडेल हे सांगते, आणि ते कोणत्या कॅन्सरमध्ये, चिठ्ठी टाकून वाटलेल्या रुग्णांत सिद्ध झाले आहे का, ही दुसरी. पंधरा पानांच्या रिपोर्टात शेवटी बारीक अक्षरात नको, पहिल्या पानावर हवे. नातेवाईक पहिलेच पान वाचतो.

आणि योजनांबद्दल. सरकारी आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा, एचटीएइन, आपल्याच विभागात आहे. इम्युनोथेरपीसाठी रक्ताची कोणतीही चाचणी मंजुरीची अट व्हायची असेल तर ती आधी तिथून गेलेली असावी, आणि मूल्यांकनात चाचणीची किंमत, औषधाची बचत आणि चुकीने नाकारल्या गेलेल्या रुग्णांची किंमत, तिन्ही धरावीत. तिसरी किंमत हिशेबात सहसा येत नाही, कारण नाकारलेला रुग्ण पुन्हा दिसत नाही. वर मागितलेला अभ्यास व्हायला दोन-तीन वर्षे लागतील हे मी समजू शकते. पण तोवर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचे गुणोत्तर, एलडीएच, अल्ब्युमिन किंवा त्यांवरून काढलेला कोणताही स्कोअर हे मंजुरी नाकारण्याचे कारण म्हणून लिहिता येणार नाही, एवढे एका पानाचे परिपत्रक राज्यांना आणि विमा यंत्रणांना आजही धाडता येईल. त्यासाठी संशोधनाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ते याच महिन्यात निघावे, अशी विनंती.

कळावे,
आपली नम्र,
मिरजेतील एक पॅथॉलॉजिस्ट